एकविसावा आणि बाविसावा

(फिलाडेल्फियाच्या उपनगरातल्या एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात, ऑगस्ट 2025 मध्ये झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षबाई, समितीतली मंडळी आणि मसालेभाताचा वास येत असूनही जागेवर बसून राहिलेले श्रोतेहो, नमस्कार. आणि आपल्या गावच्या रिवाजाप्रमाणे, गो बर्ड्स!

समितीला माझ्याकडून खरं तर निवृत्तीनंतरच्या आर्थिक नियोजनावर भाषण हवं होतं. मी म्हटलं, माझं नियोजन म्हणजे इगल्सची, आपल्या फिलाडेल्फियाच्या फुटबॉल संघाची, दोन सीझन तिकिटं, त्यावर पाच मिनिटं बोलणंही कठीण. मग विषय माझ्या मनाचा घेतला. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, पहिल्या वर्षी उतरणाऱ्या वाइड रिसीव्हरकडून, म्हणजे पुढे धावून पास झेलणाऱ्याकडून, आपण चाहते काय काय अपेक्षा करतो, आणि ती करावी कशी. 'करावी कशी' हा भाग महत्त्वाचा, तो शेवटी सांगतो. खेळ समजावत बसत नाही. डाउन म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी शेजारी बसलेल्या आपल्या मुलाला विचारावं. तेवढंच बोलणं होईल.

तर 23 एप्रिल 2020. करोनाचे दिवस, ड्राफ्टसुद्धा, म्हणजे संघांनी पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रमसुद्धा, घरून चाललेला, कमिशनरसाहेब स्वतःच्या तळघरात बसून नावं वाचतायत. सतरावा नंबर काउबॉइजचा, म्हणजे आपल्या हाडवैऱ्यांचा, त्यांनी रिसीव्हर सीडी लॅम घेतला. आमच्या दिवाणखान्यात सुतक. एकविसावा नंबर आपला, आणि एलएसयू कॉलेजचा रिसीव्हर जस्टिन जेफरसन अजून शिल्लक! नाव पुकारलं गेलं जेलन रेगरचं. लगेच बाविसावा नंबर मिनेसोटाचा. त्यांनी जेफरसन उचलला.

पुढचं तुम्हाला पाठ आहे, तरी दुखरी जागा दाबून बघायची आपली सवय असते म्हणून सांगतो. पहिल्या वर्षी रेगरचे 31 कॅच, त्यांवर कमावलेले 396 यार्ड, एक टचडाउन. जेफरसनचे 88 कॅच, 1,400 यार्ड, सात टचडाउन. सुपर बोल सुरू झाल्यापासून कुठल्याही नवख्या रिसीव्हरनं तोवर इतके यार्ड काढले नव्हते.

आता माझा मेव्हणा. राहतो न्यू जर्सीत एडिसनला, म्हणजे न्यूयॉर्कच्या जायंट्सवाला, म्हणजे मूळचाच बिघडलेला. जेफरसननं शंभर यार्ड ओलांडले की याचा फोन. "दाजी, एकविसानंतर किती येतात हो?" बस, एवढंच विचारणार आणि फोन ठेवणार. सत्यनारायणाला आला तर तीर्थ घेताना विचारलं. हिच्या मावशीच्या तेराव्याला पंगतीत माझ्या शेजारी बसला आणि वाढपी वड्यांचं ताट घेऊन आला तसा मोठ्यानं म्हणाला, "दाजींना बावीस वाढा." शोकाकुल मंडळी हसली हो! ज्यांना फुटबॉल गोल असतो की लांबट हे माहीत नाही, तीही हसली.

देवाच्या काठीला आवाज नसतो. 2021 च्या ड्राफ्टमध्ये जायंट्सचा नंबर अकरावा आणि त्यांचा डोळा रिसीव्हर डेव्हॉन्टा स्मिथवर. आपण काउबॉइजशी सौदा करून, काउबॉइजशी बरं का, दहावा नंबर मिळवला आणि स्मिथ त्यांच्या नाकासमोरून उचलला. जायंट्स मागे सरकले आणि विसाव्या नंबरावर केडेरियस टोनी घेऊन घरी गेले. पहिल्या वर्षी टोनीचे 420 यार्ड, टचडाउन एकही नाही. स्मिथचे 916. डिशॉन जॅक्सननं 2008 मध्ये आपल्याकडे पहिल्या वर्षी 912 काढले होते, तो विक्रम चार यार्डांनी मोडला. त्या वर्षी मेव्हण्याचा फोन बंद. मीच करायचो. ही म्हणते, दोघांचं वय झालंय. असेल.

पण या गोष्टीत रेगर कुठे आहे? त्याच्याकडे कधी कुणी बघितलंच नाही. आपण एकविसाकडे बघताना बाविसावाच बघत होतो. तुमच्या शंभर वर्गमित्रांपैकी जो पुढे गुगलमध्ये मोठा झाला त्याच्याशी तुमची आई तुमची तुलना करते, तिला निदान तुम्ही दिसता तरी. रेगर मैदानात आला की डब्ल्यूआयपी या खेळाच्या रेडिओवर फोन करणारे जेफरसनवर बोलायचे. स्कूकिल एक्सप्रेसवेवर गाडी मुंगीच्या पावलानं सरकत असताना रेडिओ ऐकण्यावाचून दुसरं काय करणार माणूस? मी तासन् तास ऐकलंय.

सप्टेंबर 2022 मध्ये रेगर त्याच मिनेसोटाच्या वायकिंग्जचा झालेला होता आणि सोमवार रात्रीच्या सामन्याला परत इथं आला. लिंकवर, आपल्या स्टेडियमवर, त्याची अशी हुर्यो उडवली की शेजारची दोन पोरं घाबरून आईला चिकटली. त्याच रात्री आपल्या डॅरियस स्लेनं जेफरसनला 48 यार्डांत गुंडाळलं आणि दोन इंटरसेप्शन काढले, म्हणजे समोरच्यांचे पास मध्येच पळवले. पण स्लेसाठी टाळ्या पडल्या त्यापेक्षा रेगरसाठी शिव्या जास्त पडल्या असं माझं मत आहे. मोजायला यंत्र नव्हतं.

आपलं गावच तसलं. 1968 च्या डिसेंबरात फ्रँकलिन फील्डवर सांताक्लॉजला बर्फाचे गोळे मारणारे आपण. 1999 मध्ये डोनोव्हन मॅकनॅबचं नाव पुकारलं तेव्हा ड्राफ्टला जाऊन बोंबा मारणारे आपण. जुन्या व्हेटरन्स स्टेडियममध्ये चाहत्यांसाठी कोर्ट बसवावं लागलं, न्यायाधीशासकट. हे सांगताना आपली छाती थोडी फुगते, हे मला इथून दिसतंय. खाली बसा.

आणि आपला रिसीव्हर नेल्सन अगोलर! ही गोष्ट सांगितल्याशिवाय मी खाली उतरणार नाही. ताई, घड्याळ दाखवू नका, मला दिसतंय. 2015 चा विसावा नंबर. पहिल्या वर्षी 23 कॅच, 283 यार्ड. गेला कामातून, असं सगळ्या शहरानं ठरवून टाकलं. 2017 मध्ये त्याला आतल्या जागी, स्लॉटमध्ये खेळवलं. त्या वर्षी 768 यार्ड, आठ टचडाउन, आणि मिनियापोलिसला पेट्रियट्सविरुद्ध सुपर बोलमध्ये नऊ कॅच. आपली पहिली सुपर बोल ट्रॉफी. आठवतंय ना, ब्रॉड स्ट्रीटवर लोक खांबांवर चढले होते.

दीडच वर्षानंतर, सप्टेंबर 2019. अगोलरच्या हातून महत्त्वाचे पास निसटले होते आणि आपण लायन्सशी हरलो होतो. त्या रात्री वेस्ट फिलाडेल्फियात एका इमारतीला आग लागली. वर अडकलेल्या लोकांनी खिडकीतून मुलं खाली टाकली आणि रस्त्यावरच्या माणसांनी झेलली. त्यातल्या एकाला टीव्हीवाल्यांनी गाठलं. पूर्वी अग्निशमन दलात काम केलेला हा गृहस्थ. मागे बंब उभे, अजून धूर येतोय, आणि हा शांतपणे सांगतो की वरचा माणूस पोरं टाकत होता आणि आम्ही झेलत होतो, अगोलरसारखं नाही!

मंडळी, जळत्या घरासमोर! मी हे किती वेळा पाहिलं असेल. चेहऱ्यावर हसू नाही की काही नाही. भूमिती सांगावी तसं सांगितलंन. अगोलरचं मात्र कौतुक. त्यानं त्या माणसाचे जाहीर आभार मानले आणि सहकुटुंब पुढच्या घरच्या सामन्याला बोलावलं. मी असतो तर... जाऊ दे. माझ्या मेव्हण्याला मी अजून दिवाळीला बोलावतो की नाही?

(श्रोत्यांतून: "सर, जामार चेसचं सांगा.")

सांगतो, दोन वाक्यांत. ऑगस्ट 2021, सिनसिनाटीनं पाचव्या नंबरावर घेतलेला चेस सरावसामन्यांत सोपे पास सोडत होता. का, तर म्हणाला, कॉलेजच्या चेंडूला टोकांजवळ पांढरे पट्टे असतात, इथल्या चेंडूला नसतात, त्यामुळे येताना नीट दिसत नाही. देशभर हसले लोक. नाचता येईना अंगण वाकडं, असं मीही म्हटलं असेन. त्यानं त्या वर्षी 1,455 यार्ड आणि 13 टचडाउन काढले, जेफरसनचा विक्रम वर्षभरात मोडला. पण चेंडू खरंच वेगळा आहे. फिरत येणाऱ्या चेंडूचे पट्टे लुकलुकतात आणि त्यावरून फिरकी कळते. पोराचं म्हणणं खोटं नव्हतं. ऑगस्टमध्ये ते ऐकून घ्यायची कुणाची तयारी नव्हती, इतकंच.

किती मिनिटं? सात? छोट्यांचं नाटुकलं आहे, हो, उंदीर झालेला माझा नातूच आहे. मग आता मुद्द्यावर.

मुद्दा असा की नवख्या रिसीव्हरचे यार्ड हे निम्मे त्याचे नसतातच. क्रिकेटमध्ये नॉन-स्ट्रायकरला उभं करायचं, दिवसभर दुसऱ्याच्या धावा पळायला लावायच्या आणि संध्याकाळी विचारायचं, तुझ्या किती? रिसीव्हर एका सामन्यात तीस-चाळीस वेळा जीव तोडून धावतो आणि चेंडू त्याच्याकडे येतो पाच-सात वेळा. कुणाकडे टाकायचा हे पास टाकणारा, म्हणजे क्वार्टरबॅक, ठरवतो. म्हणून पहिला प्रश्न, जागा रिकामी आहे का? बाविसावा नंबर मिनेसोटाकडे आला कुठून? त्यांनी आपला रिसीव्हर स्टीफॉन डिग्ज बफेलोला दिला, त्या सौद्यातून. म्हणजे डिग्जची जागा आणि डिग्जचे पास, दोन्ही जेफरसनची वाट बघत होते. तरी पहिल्या दोन सामन्यांत त्याचे मिळून 70 यार्ड होते, तिसऱ्यात 175. पुका नाकुआ बघा, 2023, पाचव्या फेरीतला, एकशे सत्त्याहत्तरावा! त्याच्या संघाचा मुख्य रिसीव्हर कूपर कप जखमी होता म्हणून पहिल्या दिवसापासून पास मिळाले आणि 1,486 यार्डांचा विक्रम झाला. ओडेल बेकम 2014 मध्ये पहिले चार सामने घरी होता. त्याच्या दुसऱ्याच सामन्यात त्याच्याच जायंट्स संघातल्या रिसीव्हर व्हिक्टर क्रूझचा गुडघा गेला, इथेच, आपल्या लिंकवर. पुढचं सगळ्यांनी पाहिलं. गुण तिघांत होतेच, पण दार उघडं मिळालं.

दुसरा प्रश्न, टाकणारा कोण? रेगरच्या पहिल्या वर्षी आपली जागाही रिकामीच होती, मी नाही म्हणत नाही. पण आपला क्वार्टरबॅक कार्सन वेन्ट्झ बारा सामन्यांत पन्नास वेळा आडवा झाला, 15 इंटरसेप्शन टाकले आणि बाकावर गेला. संघाचे चार विजय, अकरा पराभव, एक बरोबरी, प्रशिक्षक घरी. त्यात पोराचा अंगठा दुखावला, पाच सामने गेले. रेगर जेफरसनइतका चांगला होता असं मी म्हणत नाही. नव्हताच. दुसऱ्या वर्षी जायंट्सविरुद्ध शेवटच्या मिनिटांत त्यानं सोडलेले पास मी विसरलेलो नाही. पण 396 हा आकडा त्याच्या एकट्याच्या नावावर मांडता येत नाही.

याचा सगळ्यात चांगला दाखला आपल्याच गावचा. मार्विन हॅरिसन धाकटा, गेल्या वर्षी ॲरिझोनानं चौथ्या नंबरावर घेतला. पहिल्या सामन्यात एक कॅच, चार यार्ड. देशभर शिमगा. दुसऱ्यात पहिल्याच क्वार्टरमध्ये 130 यार्ड, दोन टचडाउन. लगेच आरती. वर्षअखेर 62 कॅच, 885 यार्ड, आठ टचडाउन, आणि सगळ्यांचा निकाल, निराशा केली. आता फिलाडेल्फियात वाढलेले त्याचे वडील, हॉल ऑफ फेममधले थोरले मार्विन हॅरिसन. 1996, पहिलं वर्ष, 64 कॅच, 836 यार्ड, आठ टचडाउन. बापलेकांचे आकडे शेजारी ठेवा! थोरल्यांना हजार यार्ड गाठायला 1999 उजाडावं लागलं, त्यांचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग याचं दुसरं वर्ष. तेव्हा एकदम 1,663.

मग बघायचं काय? मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, रिसीव्हरचे तर पायच बघायचे. चेंडूवरची नजर काढा. कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला अडवणारा समोरचा खेळाडू, पुढ्यात येऊन छातीवर हात ठोकतो, पहिल्या पाच यार्डांत त्याला ती मुभा आहे. तिथे आपला पोरगा दोन पावलांत सुटतो की तीन-चार पावलं जागच्या जागी नाचतो? दुसरं, रेषेजवळ झेल घेताना दोन्ही पाय आत टेकतात का? कॉलेजात एकच पुरतो. स्मिथ आला तेव्हा त्याच्या हाडांची सगळ्यांना काळजी, पावणेदोनशे पौंडही भरत नव्हता, पण ही दोन्ही कामं त्याला पहिल्या दिवसापासून येत होती. आणि थर्ड डाउनला, म्हणजे निकराच्या तिसऱ्या प्रयत्नाला, पोरगा मैदानात असतो का? प्रशिक्षकाचा विश्वास तिथे कळतो, पत्रकार परिषदेत नाही. हे तीन ऑक्टोबरपर्यंत दिसले तर यार्ड कितीही असोत, जर्सी घ्यायला हरकत नाही. तोवर पैसे राखून ठेवा.

रूट ट्रीबद्दल, म्हणजे रिसीव्हरच्या धावायच्या ठरलेल्या वाटांबद्दल, बोलायचं राहिलं, मोबाइलवर फँटसी संघ चालवणाऱ्यांना दोन शब्द ऐकवायचे होते तेही राहिले. उंदीर पडद्यामागून बघतोय, उतरतो आता. प्रश्न असतील त्यांनी मसालेभाताच्या रांगेत गाठा. आणि पुढच्या गुरुवारी काउबॉइज येताहेत, पार्किंगला दुपारी तीनलाच निघा.