साडेनऊचं लॉगिन

[दृश्य : मिहान परिसर, सकाळ. रिकामा ऑफिस मजला, काळ्या स्क्रीनच्या रांगा.]

सकाळचे साडेआठ. नागपूरच्या मिहानमधलं एक ऑफिस. सफाईवाल्या मावशी सोडल्या तर मजल्यावर कुणी नाही. तरीही या ऑफिसचे कॉम्प्युटर एकेक करून सुरू होताहेत. फक्त ते इथे नाहीत. ते आहेत पुण्यातल्या एका डेटा सेंटरमध्ये, आणि त्यांना उठवायचं वेळापत्रक इथल्या आयटी ऍडमिनने आधीच लिहून ठेवलंय.

टेबलावर जो छोटा काळा डबा दिसतो, तो थिन क्लायंट. विंडोज, एक्सेल, टॅली, सगळं चालतं लांबच्या व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे मोठ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या कॉम्प्युटरवर. इकडून कीबोर्ड-माऊसच्या हालचाली जातात, तिकडून स्क्रीनचं चित्र येतं.

कल्पना काही कालची नाही. याच धंद्यातली सिट्रिक्स ही कंपनी १९८९ची. मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांना बसवणारी, १९९८मध्ये आणली. सप्टेंबर २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउडवरची सेवा सर्वांसाठी खुली झाली, जिला आज अझूर व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणतात. पुढे सहा महिन्यांत लॉकडाऊन लागला आणि जे प्रस्ताव फायलीत पडून होते त्यांवर रातोरात सह्या झाल्या. आता घाई ओसरली आहे. आता प्रश्न आहे तो हे रोज सांभाळणाऱ्या माणसाचा.

[दृश्य : ऍडमिनचा मॉनिटर. वेळेचा आलेख सकाळी चढत जातो.]

साडेनऊला अडीचशे माणसं एकदम लॉगिन करतात. पूर्वी याच वेळेला सगळं गुदमरायचं. एवढी मशीनं एकाच वेळी सुरू होताना स्टोरेजवर जो ताण येतो त्याला या धंद्यात 'बूट स्टॉर्म' म्हणतात. त्यावर जुना उपाय एकच होता : सगळी मशीनं चोवीस तास चालू ठेवायची आणि महिन्याचं बिल बघून गप्प बसायचं.

अझूरमधली ऑटोस्केल नावाची सोय इथे कामाला आली. दिवसाचे चार भाग पाडायचे : चढती वेळ, गर्दीची वेळ, उतरती वेळ आणि रिकामी वेळ. प्रत्येक भागात किमान किती मशीनं चालू हवीत आणि किती टक्के भरली की पुढचं उठवायचं, हे आकडे ऍडमिनने द्यायचे. माणसं कशी बसवायची तेही सांगायचं. सकाळी सगळ्या मशीनांवर सारखी पसरायची, म्हणजे कुणालाच जड जात नाही. संध्याकाळी उलट : एक मशीन भरल्याशिवाय दुसऱ्याकडे पाठवायचं नाही, म्हणजे बाकीची रिकामी होतात आणि बंद करता येतात.

बंद करण्यातही एक मेख आहे, आणि तिच्यात नव्या माणसाचे पैसे हमखास जातात. विंडोजच्या आतून 'शट डाऊन' केलं की मशीन थांबतं, पण क्लाउडवर त्याची जागा राखीव राहते आणि मीटर फिरत राहतो. ती जागा सोडून दिली तरच प्रोसेसर-मेमरीचं भाडं थांबतं. डिस्कचं भाडं त्यानंतरही लागतंच. ऑटोस्केल जागा सोडण्याचं काम स्वतः करतं.

सॉफ्टवेअरला जे कळत नाही ते मात्र ऍडमिनला कळावं लागतं. वेळापत्रक वारांवर चालतं. सोमवार ते शुक्रवार एक, शनिवार-रविवार दुसरं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, महाल-इतवारीकडचे रस्ते भरून जातात आणि निम्मं ऑफिस उशिरा येतं, हे त्याला कोण सांगणार? मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की काही ठिकाणी कामाची वेळ सकाळी लवकर सरकते. तेव्हा चढती वेळही सरकवावी लागते, नाहीतर आठला आलेली माणसं मशीन उठायची वाट बघत बसतात. जोडणी मागितल्यावर बंद मशीन आपोआप सुरू करण्याची सोय आहे, पण त्यात काही मिनिटं जातात. तेवढ्यात हेल्पडेस्कचा फोन वाजलेला असतो.

[ध्वनी : फोनची रिंग.]

"भाऊ, लॉगिनच नाही होऊन राहिलं. कधीचं गोल फिरून राहिलं."

"किती वेळ झाला ताई?"

"मी चहा घेऊन आली, तरी तेच."

पूर्वी या फोननंतरचा अर्धा तास अंदाजात जायचा. नेटवर्क असेल, सर्व्हर असेल, बाईंनी पासवर्ड चुकवला असेल. आता सिट्रिक्सचं डिरेक्टर किंवा होरायझन या व्हीएमवेअरच्या घरातून आलेल्या प्रणालीचं हेल्पडेस्क साधन उघडलं की त्या एका लॉगिनचे तुकडे समोर येतात : ओळख पटवायला किती सेकंद, धोरणं लागू व्हायला किती, प्रोफाइल उघडायला किती. आणि अनेकदा गुन्हेगार निघतो प्रोफाइल.

कारण सोपं आहे. ताई रोज वेगळ्या मशीनवर बसतात, पण डेस्कटॉपवरच्या फायली, आउटलुकचा साठा, ब्राउझरच्या खुणा रोज त्याच हव्या असतात. एफएसलॉजिक्स या मायक्रोसॉफ्टच्या साधनाची पद्धत अशी की हे सगळं एका व्हर्च्युअल डिस्कमध्ये भरून ठेवायचं आणि लॉगिनच्या वेळी ती डिस्क मशीनला जोडायची. ठरवून दिली नाही तर या डिस्कची कमाल मर्यादा साधारण ३० जीबी असते. जुनी अडचण ही होती की फायली पुसल्या तरी फुगलेली डिस्क फुगलेलीच राहायची आणि स्टोरेज भरत जायचं. २२१० या आवृत्तीपासून लॉगआउटच्या वेळी डिस्क आपोआप आकसते. जाहिरातीत झळकावी अशी ही गोष्ट नाही. पण महिन्यातून एकदा रात्री बसून स्क्रिप्ट चालवणाऱ्या माणसाला विचारा.

[दृश्य : धंतोलीतलं एक सीए ऑफिस. यूएसबीला लावलेली डिजिटल सहीची टोकन.]

नागपुरातल्या सीए आणि ठेकेदारांच्या ऑफिसात वेगळाच प्रश्न येतो : डीएससी, डिजिटल सहीचं टोकन. कंपनीचं जीएसटी असो की ई-टेंडर, ते लावल्याशिवाय सहसा पान हलत नाही. रिमोट सत्रात विंडोजला दिसतं ते वापरणाऱ्याच्या हातातल्या डब्याला लावलेलं टोकन. दूरच्या मशीनच्या यूएसबीत खोचलेलं टोकन त्या सत्रात दिसत नाही. त्यामुळे साहेब घरी, टोकन ऑफिसच्या पीसीत, आणि टेंडरची मुदत संध्याकाळी पाचला, असा प्रसंग आला की सॉफ्टवेअर मदतीला येत नाही. ऑफिसबॉयला गाडीवर पाठवावं लागतं. नव्या व्यवस्थापन साधनांत एवढं सोपं झालंय की कोणत्या गटाला स्मार्टकार्ड, म्हणजे असं टोकन, पुढे नेण्याची परवानगी द्यायची आणि कोणाचा पेनड्राइव्ह अडवायचा, हे एका जागेवरून ठरवता येतं.

मराठी टायपिंगचंही थोडक्यात सांगायला हवं. रिमोट सत्र सुरू होताना वापरणाऱ्याकडची कीबोर्ड मांडणी पलीकडे कळवली जाते. पण मूळ इमेजमध्ये, म्हणजे ज्या साच्यातून ही मशीनं बनतात त्यात, इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आणि युनिकोड फॉन्ट नीट बसवलेले नसतील, तर पहिलं पत्र टाइप करायला बसलेला माणूस तासाभरात ऍडमिनच्या टेबलाशी उभा राहतो.

सुरक्षेच्या बाजूला दोन सोयी लक्ष देण्यासारख्या आहेत. पहिली, स्क्रीनशॉट अडवणं : चित्र घ्यायला गेलं की ती खिडकी झाकलेली येते. मोबाइलने फोटो काढणाऱ्याला ती काही करू शकत नाही. म्हणून दुसरी, वॉटरमार्क : स्क्रीनभर पुसट क्यूआर कोड. फोटो बाहेर गेलाच, तर कोड स्कॅन करून तो कोणत्या जोडणीतून निघाला हे शोधता येतं. ग्राहकांचा डेटा हाताळणाऱ्या ऑफिसांना २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर याची गरज जास्त जाणवते. त्यात दंडाची कमाल रक्कम २५० कोटी रुपयांपर्यंत आहे.

[दृश्य : झिरो माइलचा स्तंभ, मागे वाहनांची रांग.]

आता एक नागपुरी तक्रार. अझूरच्या नकाशावर ज्याला 'सेंट्रल इंडिया' म्हटलंय तो प्रदेश, म्हणजे डेटा सेंटरांचा गट, आहे पुण्यात. देशाचा मध्य मानला जाणारा झिरो माइल आमच्या गावात आणि सेंट्रल इंडिया पुण्याला! जिओबरोबरच्या व्यवस्थेतला एक प्रदेश नागपूरच्या नावावर आहे खरा, पण आपलं हे ऑफिस पुण्याशीच जोडलेलं आहे. अंतर रस्त्याने सुमारे ७०० किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन निव्वळ सात मिलिसेकंद. केबलचे वळसे आणि वाटेतली उपकरणं धरली तरी माऊस अडखळण्याइतकं हे अंतर नाही.

मग अडखळतं कुठे? बरेचदा ऑफिसच्याच फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या दारावरच्या पहारेकऱ्यात. आरडीपी शॉर्टपाथ ही सोय स्क्रीनचं चित्र यूडीपी या मार्गावरून पाठवते, जो तुकडे क्रमाने पोचण्याची वाट बघत नाही, त्यामुळे एखादं पॅकेट हरवलं तरी सगळी रांग अडून बसत नाही. फायरवॉलवाल्याने यूडीपीचं ३४७८ क्रमांकाचं पोर्ट बंद ठेवलेलं असलं, तर जोडणी निमूटपणे जुन्या टीसीपी मार्गावर जाते. काम चालतं, कुणी काही बोलत नाही. 'आपलं नेटच असं आहे' म्हणून माणसं वर्षभर सहन करतात. आता प्रत्येक सत्र कोणत्या मार्गाने चाललंय हे ऍडमिनला दिसतं, तेवढं एकदा तरी बघावं.

बाजारही हलला आहे. सिट्रिक्स २०२२मध्ये खासगी मालकीत गेली. व्हीएमवेअर नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमने घेतली आणि तिचा होरायझनचा व्यवसाय वेगळा होऊन २०२४पासून ओम्निसा या नावाने चालतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. ज्या जुन्या पीसींवर विंडोज ११ बसत नाही, ते भंगारात द्यायचे की क्लाउड डेस्कटॉपची खिडकी म्हणून वापरायचे, हा हिशेब सध्या बऱ्याच ऑफिसांत चालू आहे.

[दृश्य : रात्रीचं ऑफिस. एकच टेबल उजेडात.]

अपडेटबद्दल शेवटी बोलतोय, कारण ऍडमिनची झोप यातच जाते. मायक्रोसॉफ्टचे मासिक पॅच, म्हणजे विंडोजच्या दुरुस्त्या, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात.

१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीची एक सदोष फाइल जगभर गेली. १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली. मधल्या वेळेत मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीनं कोलमडली. व्हर्च्युअल मशीनंही सुटली नाहीत. कायमस्वरूपी मशीनांसाठी एक मार्ग असा होता की एकेक डिस्क काढायची, चांगल्या मशीनला जोडायची, फाइल पुसायची आणि परत लावायची. ज्यांचे डेस्कटॉप मूळ इमेजमधून दररोज नव्याने बनत होते, त्यांच्यासाठी हे काम बरंच हलकं होतं.

इमेज बदलण्याच्या नव्या सोयी या अंगाने बघाव्यात. अझूरमध्ये नवी इमेज आधी एका मशीनवर चढते, ते नीट उभं राहिलं तर पुढची तुकडी. त्या मशीनवर नवीन माणसं येणं थांबवलं जातं, बसलेल्यांना सूचना जाते. होरायझनमध्ये दुसरी इमेज त्याच गटातल्या थोड्या मशीनांवर लावून बघता येते. सिट्रिक्समध्ये मागच्या इमेजवर परत जाता येतं.

कोणती माणसं आधी, हे मात्र ऍडमिनच ठरवतो. या ऑफिसात पहिल्या तुकडीत आयटीतलं कुणी नाही. आयटीवाले अडचण आली तर स्वतःच वाट काढतात आणि कळवत नाहीत. पहिल्या तुकडीत आहेत अकाउंट्समधले दोघं, एक रिसेप्शनिस्ट, आणि प्रिंट अर्ध्या मिनिटात आली नाही तर थेट डायरेक्टरांना फोन लावणारे खरेदी विभागाचे साहेब. त्यांचा फोन बुधवारी दुपारपर्यंत आला नाही, तर बाकीच्यांची इमेज रात्री बदलते.