पालथा ठेवलेला फोन

(टेबलावर पालथा ठेवलेला फोन. थरथरतो, थांबतो, पुन्हा थरथरतो.)

सकाळपासून हा फोन नवव्यांदा वाजतोय. ज्याची क्रेडिट कार्डाची दोन बिलं थकलीत, त्याला नंबर न बघताही कळतं कुणाचा आहे ते. म्हणून फोन पालथा. ड्रॉवरमध्ये न फोडलेली पाकिटं आहेत, ईमेलमध्ये न उघडलेली स्टेटमेंटं. आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाला यातलं काहीही माहीत नाही.

उधळपट्टी केली म्हणूनच माणूस इथवर येतो, असं नाही. नोकरी जाते. दवाखान्याचं बिल अंगावर येतं. पगार लांबतो आणि घरखर्च कार्डावर जायला लागतो, पुढच्या महिन्यात भरू म्हणून. तो पुढचा महिना येतो, पण पैसे येत नाहीत.

(स्टेटमेंटचं पहिलं पान, अगदी जवळून. बोट एका आकड्यावर थांबतं.)

या कागदावर दोन आकडे आहेत. एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. अडचणीतल्या माणसाचं बोट हमखास धाकट्या आकड्यावर थांबतं. तेवढं भरलं की महिनाभर फोन येत नाहीत. त्या शांततेची किंमत मात्र एकदा कागदावर मांडून बघायला हवी.

समजा थकबाकी १ लाख आहे. व्याज महिन्याला ३ टक्के, किमान रक्कम थकबाकीच्या ५ टक्के. कार्ड पुन्हा वापरलं नाही, एकही तारीख चुकवली नाही. वर्षभरात तुम्ही भरले जवळपास ५५ हजार. थकबाकी उतरली फक्त २३ हजारांनी. बाकीचे ३२ हजार व्याजात गेले. थकबाकी उतरते तशी किमान रक्कमही उतरत जाते आणि कर्ज रेंगाळतं. ते निम्म्यावर यायलाच ३२ महिने लागतात.

आता यात एकच बदल करा. पहिल्या महिन्याची किमान रक्कम होती ५,१५०. बिलात पुढे कितीही कमी छापून येऊ दे, आपण दर महिन्याला ५,१५०च भरायचे. तेच कर्ज ३० महिन्यांत पूर्ण फिटतं. हे गणित शाळेत शिकवलं जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

(जुनं टपाल, पाकिटांचे गठ्ठे.)

१९५० मध्ये अमेरिकेत डायनर्स क्लब या कंपनीचं कार्ड निघालं, तेव्हा महिनाअखेरीला सगळं बिल चुकतं करावं लागायचं. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकानं कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे ६० हजार कार्डं घरोघरी टपालानं पाठवली. कुणी मागितली नव्हती. या कार्डावर उरलेली बाकी व्याजासकट पुढच्या महिन्यात ढकलता येत होती. आजचा आपला धाकटा आकडा त्याच वाटेनं आला. नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर कर्ज फिटायला किती काळ लागेल, हे स्टेटमेंटवर छापायची सक्ती अमेरिकेत व्हायला २००९ चा कायदा यावा लागला.

(टेबलावर वही. पानाच्या मधोमध ओढलेली रेघ.)

मग किमान रक्कमही झेपत नसेल तर?

आधी कार्ड वापरणं थांबवा. बाकी पुढे ढकललेली असली की बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. कार्डावर रोख काढली तर बहुधा त्याच दिवसापासून. आणि एका कार्डाचं बिल दुसऱ्या कार्डानं भरणं म्हणजे याची टोपी त्याच्या डोक्यावर. डोकी संपली की टोप्या परत आपल्याकडेच येतात.

मग वहीत रेघेच्या डावीकडे घरात येणारे पैसे लिहा, उजवीकडे ज्यावाचून चालणारच नाही ते. जेवणखाण, भाडं, वीज, औषधं. घर गहाण ठेवून काढलेलं कर्ज असेल तर त्याचा हप्ता. कार्डाचं कर्ज सहसा विनातारण असतं, म्हणून त्याचा नंबर यानंतर. सगळ्यात मोठ्यानं ओरडणाऱ्याला आधी पैसे देऊन टाकावेत असं वाटतं, आणि घरभाडं तिथंच चुकतं.

शेवटी उरेल तो आकडा खरा. तो ४ हजार असेल तर ४ हजारच. भीतीपोटी ६ कबूल करू नका. दोन महिन्यांत शब्द मोडला, की पुढची बोलणी अवघड होतात.

तो आकडा हातात घेऊन बँकेला आपण होऊन फोन करा. व्याज कमी करून ठरावीक हप्ते बांधून द्या, उशिराचा दंड थांबवा, असं मागता येतं. प्रत्येक बँक ऐकेलच असं नाही. पण हिशेब बघा. १ लाखाच्या बाकीवर महिन्याला ४ हजार भरले, तर ३ टक्के व्याजानं ४७ महिने लागतात. व्याज दीड टक्क्यावर आलं, तर ३२. एवढ्यासाठी तीनदा फोन करावा लागला तरी करावा. ठरेल ते लेखी घ्या, आणि पैसे त्यानंतरच भरा.

थोड्या रकमेत तडजोडही होते, तिला सेटलमेंट म्हणतात. पण कर्जाच्या नोंदीत ते पूर्ण फेडलं असं दिसत नाही, आणि पुढे कर्ज मागताना ती नोंद आडवी येते. दुसरी वाट असेल तर ती आधी बघा. नसेल, तर आता काही देणं उरलं नाही असं बँकेचं पत्र घेतल्याशिवाय उठू नका. आधी फी भरा, सगळं कर्ज पुसून देतो, असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

वसुलीवाल्यांचे फोन येतील. नाव विचारा, तारीख-वेळ वहीत टिपा. ओटीपी, पिन कुणालाही नाही. पैसे फक्त बँकेच्या खात्यात. फसवणूक केली नसेल, निव्वळ फेडता आलं नसेल, तर बहुतेक देशांत तो दिवाणी मामला असतो. पोलीस येतील अशी धमकी ऐकून रात्ररात्र जागणाऱ्यांनी एवढं जरूर लक्षात ठेवावं.

आणि घरात सांगा. आजच. हे ओझं एकट्यानं वाहताना जीव नकोसा वाटायला लागतो, माणसं खरंच त्या टोकाला जातात. तसं वाटत असेल तर बँकेचा फोन उद्या झाला तरी चालेल, आधी आपल्या माणसाला उठवा.

(फोन सुलटा होतो. शेजारी उघडी वही, आणि आता टेबलापाशी दोघं बसलेले. रिंग जाते. पलीकडून आवाज येतो.)

"नमस्कार. माझ्या कार्डाची दोन बिलं थकलीत. पूर्ण रक्कम मला भरता येणार नाही. महिन्याला ४ हजार भरू शकते. लिहून घेता का?"