दोन पाण्यांच्या दोन वाटा

(लंडनमधल्या मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नदी स्वच्छ राहावी म्हणून पाणी कंपन्यांनी काय करावं, हा आजचा विषय. त्यावर येतोच. पण आधी माझ्या घरामागच्या ओढ्याबद्दल सांगू द्या, कारण मला जे उमगलं ते त्याच्याच काठी.

आमच्या उपनगरात रस्त्याखाली दोन नळ आहेत. मैल्याचा नळ शुद्धीकरण केंद्राकडे जातो, पावसाचा थेट ओढ्यात. एका हिवाळ्यात ओढ्यावर राखाडी फेस दिसू लागला. आठवड्यातून दोन-तीनदा, सकाळच्या वेळी, साबणाच्या वासाचा. कंपनीला फोन केला तर म्हणाले, कौन्सिलला विचारा. कौन्सिलवाले म्हणाले, कंपनीला विचारा. फोटो पाठवले, तारखा-वेळा टिपलेली वही पाठवली. यात आठ महिने गेले. रोज दिसणारा खंड्या तेवढ्यात यायचा बंद झाला. त्याचा राग मला आजही येतो.

शेवटी दोन कामगार आले. पावसाळी नळाच्या एकेका झाकणाखाली त्यांनी तारेची जाळी बसवली. पाऊस नसताना त्या नळात पाणी यायचं कारणच नाही. चार कोरड्या दिवसांनी ज्या जाळीवर राखाडी चिकट थर चढला होता, तो फाटा धरून ते मागे मागे गेले आणि घरोघरी रंग ओतून पाहिला. एका घराचं स्वयंपाकघर वाढवताना बिल्डरने वॉशिंग मशीनचा पाइप हाताशी आलेल्या नळाला जोडला होता. तो पावसाचा निघाला. त्या घरातल्या ताईंना याची काहीच कल्पना नव्हती. बिचाऱ्या रडवेल्या झाल्या. जोड बदलायला अर्धा दिवस लागला. अर्ध्या दिवसाच्या कामासाठी आठ महिने!

पुण्याहून आलेल्यांना आंबील ओढा आठवत असेल. ओढ्याला आपण नाला म्हणायला लागलो की त्यात काहीही सोडायला मन धजावतं. इथेही तसंच झालं.

आता मध्य लंडन. तिथे चुकून नव्हे, मुद्दामच दोन्ही पाणी एका नळात घातली आहेत. १८५८च्या उन्हाळ्यात थेम्सचा वास इतका असह्य झाला की संसदेचे पडदे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवून टांगले गेले. मग मैलावाहिन्या बांधायचं विधेयक अवघ्या अठरा दिवसांत मंजूर! इंजिनिअर जोसेफ बॅझलजेटने नदीला समांतर, सुमारे १३० किलोमीटर मोठ्या मैलावाहिन्या बांधल्या. शहर कॉलऱ्यातून सुटलं. त्या माणसाला माझा नमस्कार आहे. पण मैला आणि पाऊस एकत्र असल्यामुळे जोराच्या सरीत वाहिनी भरते, आणि मैला घरात उलटू नये म्हणून नदीकडची तोंडं, म्हणजे ओव्हरफ्लो, उघडतात. अशा तोंडांतून २०२३ साली इंग्लंडभर मिळून ३६ लाख तास मैलापाणी बाहेर पडलं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मुख्य मुद्दा पटापट सांगतो.

थेम्सखालचा २५ किलोमीटरचा नवा बोगदा २०२५च्या फेब्रुवारीत पूर्ण जोडला गेला. चांगलं काम आहे, पण साडेचार अब्ज पौंडांहून जास्त खर्च झाला. प्रत्येक गावाखाली असा बोगदा खणणं परवडणार नाही. म्हणून माझा आग्रह एवढाच की पाऊस मैल्यात शिरण्याआधीच त्याला वेगळी वाट द्या. मॅन्सफील्ड या गावात सेव्हर्न ट्रेंट या पाणी कंपनीने ७.६ कोटी पौंड घालून रस्त्याकडेला झाडांचे खोलगट वाफे केले आणि पाणी मुरणारी फरसबंदी घातली. पाच कोटी ऐंशी लाख लिटर पाणी तिथेच थोपवायची ही योजना. इतर कंपन्यांनी हे आधी करावं, पाणी साठवायच्या टाक्या नंतर.

दुसरं म्हणजे फुटके नळ. चुनखडीच्या प्रदेशात भूजल चढलं की ते फटींतून मैलावाहिनीत शिरतं आणि ओव्हरफ्लो पाऊस थांबल्यावरही वाहत राहतो. आतून अस्तर घालून या नळांच्या फटी बुजवता येतात. कोरड्या दिवशी मैला नदीत गेला, तर त्याचं कारण पाऊस नव्हे, फुटका वा तुंबलेला नळ किंवा बंद पडलेला पंप. त्याला माफी नको. २०२५पासून ओव्हरफ्लो सुरू झाल्यावर तासाभरात जाहीर करायचं कायद्याने बंधन आहे. ही माहिती दाखवणारे कंपन्यांचे नकाशे तुम्ही रोज पाहा आणि कंपनीला विचारा.

मैल्यातला फॉस्फरस राहिलाच. त्यानेच शेवाळ माजतं. नॉरफोकमध्ये इंगोल नदीकाठी इंगोल्डिस्थॉर्पला शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारं पाणी आधी पाणथळीतून फिरवतात, मग नदीत सोडतात. गावाकडच्या छोट्या केंद्रांना हे सहज जमेल. सविस्तर बोलायला वेळ नाही.

येत्या रविवारी अकराला आम्ही ओढ्यावर जाळ्या घेऊन पाण्यातले किडे मोजणार आहोत. पाणी बिघडलं की ते सगळ्यात आधी कमी होतात. नावं दाराशी वहीत लिहा. गमबूट आणा, मुलांनाही आणा. खंड्या गेल्या महिन्यात दोनदा दिसला आहे.