सर्वोच्च न्यायालयालाच मिळालेली तारीख

श्रोतेहो, नमस्कार.

कोर्टाची पायरी चढलेल्याला तारीख पडणं म्हणजे काय ते सांगायला नको. आज बोलायचंय ते अमेरिकेत 1802 साली खुद्द सर्वोच्च न्यायालयालाच मिळालेल्या तारखेबद्दल.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालय कधी बसणार, हे न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनी ठरतं. अमेरिकेत ते काँग्रेस, म्हणजे तिथलं कायदेमंडळ ठरवतं. सुरुवातीला वर्षातून दोन सत्रं असत, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. एरवी न्यायमूर्ती गावोगाव फिरून खटले चालवायचे. 1801 मध्ये, सत्ता सोडता सोडता, अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांच्या पक्षाने कायदा करून सत्रं जून आणि डिसेंबरला नेली, ही पायपीट थांबवली आणि सोळा नवी न्यायाधीशपदं काढून आपली माणसं बसवली.

नवे अध्यक्ष थॉमस जेफरसन. त्यांच्या पक्षाने मार्च 1802 मध्ये तो कायदाच रद्द केला. न्यायाधीश तहहयात, पण पदच उरलं नाही! हे घटनेत बसतं का, असं जूनच्या सत्रात न्यायालयाने विचारलं तर? म्हणून 29 एप्रिलला आणखी एक कायदा आला. जूनचं सत्र रद्द. यापुढे पूर्ण सत्र वर्षात एकच, फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारपासून. साप मरावा आणि काठीही मोडू नये, अशी ही तोड. डिसेंबर 1801 मध्ये उठलेलं न्यायालय एकदम फेब्रुवारी 1803 मध्ये बसलं.

तोवर आपलं नेमणूकपत्र मिळावं म्हणून सर्वोच्च न्यायालयात आलेले विल्यम मार्बरी ताटकळत राहिले. जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे स्थानिक पातळीवरचा छोटा न्यायाधीश, म्हणून त्यांच्या नेमणूकपत्रावर सही झालेली, शिक्का बसलेला, पण पत्र हाती पडलंच नव्हतं. गंमत अशी, की ते पत्र पोचवायचं काम ज्यांचं होतं, ते त्या वेळचे परराष्ट्रमंत्री जॉन मार्शलच आता सरन्यायाधीशाच्या खुर्चीत! 24 फेब्रुवारी 1803 ला त्यांनी निकाल दिला: पत्रावर मार्बरींचा हक्क आहे, पण ते देण्याचा आदेश थेट काढण्याचा अधिकार ज्या कलमाने न्यायालयाला मिळाला, ते कलमच घटनाबाह्य.

आणि ज्याच्यासाठी एवढी धास्ती घेतली होती, तो 1801 चा कायदा रद्द करणारा कायदा? न्यायालयाने 2 मार्चला तो मुकाट्याने मान्य केला. सत्र उडवण्याचा खटाटोप फुकटच गेला म्हणायचा.

पुढेही तारखा सरकत राहिल्या, पण एवढी आदळआपट झाली नाही. 1916 च्या कायद्याने सत्राची सुरुवात ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी आणली. ती आजही तीच आहे.

नमस्कार.