जीभ बाहेर काढून नीट बघा

आपल्याकडे जिभेवर पांढरा थर दिसला की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "पोट साफ नाही." दुसरं त्याच्या पाठोपाठ येतं, "रात्री चूर्ण घे." मी दातांचा डॉक्टर. माझ्याकडे दाढ दाखवायला आलेली माणसं जाता जाता जीभही दाखवतात, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांचं चूर्ण आधीच चालू झालेलं असतं. म्हणून आज सुरुवातीलाच सांगतो, मंडळी. जिभेवरचा थर पोटातून वर येत नाही. तो तोंडातच तयार होतो आणि बहुतेक वेळा त्याचा उपायही तोंडातच असतो.

जिभेच्या पाठीवर अगदी बारीक, केसांसारखे अंकुर असतात. त्यांचा चवीशी संबंध नाही. चवीचे अंकुर वेगळे, जिभेवर लाल ठिपक्यांसारखे दिसतात ते, आणि अगदी मागे उलट्या व्ही आकारात मांडलेले आठ-दहा मोठे गोल. हे बारीक अंकुर घास धरायला, घोळवायला. टॉवेलाची लव असते ना, तशी ही जिभेची लव समजा. तिची टोकं केराटिनची असतात, म्हणजे नखं ज्याची बनतात त्याच पदार्थाची, आणि ती सतत वाढत असतात. भाकरी, काकडी, पेरू, शेंगदाणे चावताना ती घासली जातात आणि लाळ तो चुरा धुऊन नेते. घासणं किंवा धुणं कमी झालं की लव वाढते. तिच्यात मेलेल्या पेशी, अन्नाचे कण, लाळेतला चिकट भाग आणि जंतू अडकून बसतात. तोच आपल्याला दिसणारा पांढरा थर.

हे एकदा लक्षात आलं की बाकीचा उलगडा आपोआप होतो. तापात जीभ का माखते? माणूस पेज आणि दूध यांवर असतो, चावत काही नाही, पाणी कमी पितो, नाक चोंदलं म्हणून तोंडाने श्वास घेतो. निर्जळी उपवासात का माखते? तेच कारण. उपवासात शरीरातली विषं जिभेवर येतात असं हल्ली फार सांगितलं जातं, त्यात तथ्य नाही. सकाळी उठल्यावर का माखलेली असते? झोपेत लाळ जवळजवळ थांबते. दिवसभरात आपल्या तोंडात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, पण रात्रीचा तिचा वाटा अगदी थोडा. जो तोंड उघडं टाकून घोरतो त्याची जीभ सकाळी जास्त पांढरी, यात आश्चर्य नाही.

मग पोटाचा संबंध लोकांनी काय उगाच जोडला? उगाच नाही. ज्याच्या जेवणात चोथा कमी आणि ज्याच्या अंगात पाणी कमी, त्याला बद्धकोष्ठही होतं आणि त्याची जीभही माखते. दोन्हींची मुळं एकाच ठिकाणी असल्यामुळे एकामुळे दुसरं होतं असं वाटतं. पण उपाय करताना हा फरक महाग पडतो. सत्तरीतल्या माणसाने जीभ पांढरी दिसते म्हणून रोज जुलाबाचं औषध घेतलं, की अंगातलं पाणी आणखी घटतं, तोंड आणखी कोरडं पडतं आणि थर वाढतो. थर वाढला म्हणून तो डोस वाढवतो. ही माणसं मी पाहिली आहेत आणि मला त्यांची काळजी वाटते.

इथे कुणी म्हणेल, आयुर्वेदात जिव्हापरीक्षा आहे. आहेच. पण चांगला वैद्य नुसती जीभ बघून औषध देत नाही. तो नाडी बघतो, भूक विचारतो, झोप विचारतो. आणि जीभ स्वच्छ करण्याबद्दल चरकसंहितेत जे लिहिलंय ते मला फार मोलाचं वाटतं. सोनं, रुपं, तांबं, कथील, पितळ यांची जीभ खरवडायची पट्टी असावी, ती धारदार नसावी आणि वळलेली असावी, असं सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात सांगितलंय. कारणही दिलंय. जिभेच्या मुळाशी साठलेल्या मळामुळे तोंडाला दुर्गंधी येते. जिभेच्या मुळाशी, हे शब्द बघा. आज आपण तेच वेगळ्या भाषेत सांगतो. जिभेच्या मागच्या भागात प्राणवायूशिवाय वाढणारे जंतू असतात, ते प्रथिनं कुजवून गंधकयुक्त वायू तयार करतात आणि तोंडाच्या वासाचं मोठं कारण तेच. आपण मात्र घासतो ते पुढचं टोक, जिथे थर जवळजवळ नसतोच.

तेव्हा पद्धत अशी. आरशासमोर जीभ पूर्ण बाहेर काढायची. पट्टी जमेल तितकी मागे ठेवायची आणि हलक्या हाताने एकाच दिशेने, मागून पुढे ओढायची. तीन-चार वेळा, बस. दर वेळी पट्टी पाण्याखाली धरायची. उबळ येत असेल तर त्या क्षणी श्वास हळू बाहेर सोडा, सवयीने जमतं. तांब्याची असो, स्टीलची असो, प्लॅस्टिकची असो, फरक पडत नाही. दात घासायचा मऊ ब्रशही चालतो. आपल्या आजी-आजोबांच्या वेळी कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी चघळून झाली की ती मधोमध चिरायची, वाकवायची आणि तिनेच जीभ ओढायची. उत्तम पद्धत होती. रक्त येईपर्यंत खरवडणारेही मला भेटतात. कृपा करून तसं करू नका. जीभ गुलाबी दिसायला हवी म्हणजे लालभडक दिसायला हवी असं नाही. पातळ पांढरट साय निरोगी जिभेवरही असते.

मीठ-लिंबू चोळणं, खायचा सोडा चोळणं, हेही नको. जिभेची आग होते, बाकी काही हाती लागत नाही. जंतुनाशक माउथवॉश महिनोन्महिने वापरणं तर मुळीच नको. जिभेवरचे सगळे जंतू शत्रू नसतात. पालक, बीट यांच्यातलं नायट्रेट जिभेच्या मागच्या भागातले जंतू नायट्राइटमध्ये बदलतात, त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनतं आणि ते रक्तवाहिन्या सैल ठेवायला मदत करतं. क्लोरहेक्सिडीन या माउथवॉशमधल्या जंतुनाशकाने रोज चुळा भरणाऱ्यांचा रक्तदाब थोडा वाढल्याचं अभ्यासांत दिसलंय. शिवाय त्याच औषधाने जीभ आणि दात तपकिरी होतात. हिरड्यांच्या उपचारानंतर आम्ही ते थोड्या दिवसांसाठी देतो. चिठ्ठीवरचे दिवस संपले की बाटली बंद.

आता रंगांकडे येतो. पान खाऊन लाल, जांभळं खाऊन जांभळी, लोहाचं पातळ औषध घेऊन काळपट, हे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडून देऊ. घाबरवते ती केसाळ काळी जीभ. अंकुरांची लांबी एरवी एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते. त्यांचं झिजणं अडलं की ते वाढत जाऊन कधी कधी सेंटिमीटरच्याही पुढे जातात आणि खरोखर केस उगवल्यासारखे दिसतात. चहा, कॉफी, विडी-सिगारेट आणि रंग तयार करणारे जंतू त्यांना काळा, तपकिरी, कधी हिरवट रंग देतात. प्रतिजैविकांच्या मोठ्या कोर्सनंतर हे होऊ शकतं. रुग्ण रडवेला होऊन येतो, पण हे दुखणं अगदी निरुपद्रवी. धूम्रपान थांबवायचं, चहा कमी करायचा, पाणी वाढवायचं, चावून खायचं, मऊ ब्रशने रोज जीभ साफ करायची. काही आठवड्यांत जीभ पूर्ववत होते.

याहून वेगळे असतात जिभेवरचे जन्मापासूनचे किंवा लहानपणी आलेले काळे ठिपके. ते त्वचेवरच्या रंगद्रव्याचेच असतात, आपल्यासारख्या सावळ्या लोकांत अगदी नेहमीचे. त्यावरून एखाद्या मुलीला काळ्या जिभेची म्हणायचं, ती बोलते ते वाईट खरं होतं म्हणायचं, लग्न जमवताना तिला जीभ लपवायला सांगायचं, हे आजही चालतं. त्या मुलीला कोणताही आजार नाही. हे मी दरवेळी आईसमोर, मुद्दाम मोठ्याने सांगतो. मोठ्या वयात नव्याने काळे डाग येऊ लागले तर मात्र तपासून घ्या.

आता मुद्द्याचं. घरी एक साधी तपासणी करता येते. स्वच्छ, ओलसर मलमलीचं फडकं बोटाला गुंडाळा आणि पांढरा भाग हलकेच पुसा. थर पुसला गेला आणि खाली नेहमीची गुलाबी जीभ दिसली, तर आतापर्यंत सांगितलं ते सगळं तुम्हाला लागू. दह्याच्या कवड्यांसारखे पापुद्रे निघाले आणि खाली लाल, हुळहुळी, कधी रक्ताळलेली जागा दिसली, तर ती कँडिडा नावाची बुरशी असण्याची शक्यता मोठी. आणि पुसूनही डाग जागचा हललाच नाही, तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठा.

बुरशी कुणाला होते? मधुमेह ताब्यात नसलेल्यांना, प्रतिजैविकं चाललेल्यांना, दम्याचा स्टेरॉइडचा पंप घेणाऱ्यांना, रात्रीही कवळी तोंडात ठेवून झोपणाऱ्यांना, प्रतिकारशक्ती घटलेल्यांना. बुरशीविरोधी औषधाने ती जाते, पण कारण राहिलं तर परत येते. म्हणून पंप ओढल्यावर दरवेळी खळखळून चूळ भरायची आणि थुंकायची. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची. आणि ज्याला वारंवार बुरशी होते त्याने रक्तातली साखर तपासायची. मधुमेहाचा पहिला सुगावा तोंडात लागलेले रुग्ण दंतवैद्यांना नवीन नाहीत. तान्ह्या बाळाच्या जिभेवर पांढरं दिसलं की मधात टाकणखाराची लाही चाटवायची पद्धत आपल्याकडे आहे. ती बंद करा, कळकळीने सांगतो. टाकणखार बाळाला विषारी ठरू शकतो आणि एक वर्षाच्या आत मध देऊच नये, त्यातून बोटुलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. बाळाची जीभ नुसत्या दुधाने पांढरी असेल तर ती पुसली जाते. पुसली जात नसेल तर बालरोगतज्ज्ञ आहेत.

न पुसला जाणारा पांढरा डाग. त्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. सगळे असे डाग कॅन्सरचे नसतात, लायकेन प्लॅनससारखे इतर आजारही असे दिसतात. पण तंबाखू, गुटखा, मावा, मशेरी यांपैकी काहीही घेणाऱ्याच्या तोंडातला असा डाग कधीही हलक्यात घ्यायचा नाही. पांढऱ्यात लाल मिसळलेलं असेल तर अजिबातच नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो खाणारी तोंडं मी रोज बघतो. मशेरी लावणाऱ्या बायका तर स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरतच नाहीत. "दात घासते फक्त," म्हणतात. ती भाजलेली तंबाखूच आहे, ताई. आणि नुसती सुपारीही निर्दोष नाही. तिने तोंडाचं अस्तर घट्ट होत जातं, जीभ फिकी आणि ताठ होते, तोंड दोन बोटंही उघडत नाही.

जिभेचा कॅन्सर जास्त करून कडेला होतो, वर नाही. आपण बघतो ती वरची बाजू. म्हणून महिन्यातून एकदा रुमालाने जिभेचं टोक धरा, एका कडेला ओढा, दुसरी कड पूर्ण बघा, मग उलट. टोक टाळूला लावून खालचीही बाजू बघा. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, हाताला लागणारी कडक गाठ, कानाकडे जाणारी कळ, घास गिळताना अडचण, यांतलं काहीही असलं तर थांबू नका. टोकदार तुटकी दाढ जिभेला घासत असेल तर ती आधी गुळगुळीत करून घ्या. त्यानंतरही जखम दोन आठवडे राहिली, तर कारण दाढ नव्हती.

थराची काळजी करणाऱ्यांना एक उलटी गोष्टही सांगायला हवी. जीभ एकदम स्वच्छ, लाल, तुळतुळीत दिसू लागली आणि तिखट सोसेना, तर खुश होऊ नका. अंकुरच नाहीसे झालेत. लोह, फॉलिक ॲसिड किंवा बी-१२ कमी असेल तर असं होतं. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता फार दिसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच विषयावर अनेक वर्षं काम केलंय. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनीही बी-१२ तपासून घ्यावं. हातापायांना मुंग्या येत असतील तर लगेच.

शेवटी तुकडा काढून तपासण्याविषयी, कारण इथेच माणसं परत फिरतात. "सुई लावली की पसरतं" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि त्यावर विश्वास ठेवून सहा महिने घरी बसलेले लोक नंतर ज्या अवस्थेत येतात ते बघणं सोपं नसतं. जागा बधिर करून जिभेच्या डागाचा एवढासा तुकडा घेतात, एखाद-दोन टाके पडतात, माणूस त्याच दिवशी घरी जातो. या तपासणीने कॅन्सर पसरत नाही. न तपासता ठेवल्याने तो वाढतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत ही तपासणी होते, खर्चही झेपण्यासारखा असतो. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आधी सांगा. आणि तंबाखू किती, किती वर्षं, हे खरं सांगा. डॉक्टर रागावेल म्हणून लपवू नका. रागावला तर दुसऱ्याकडे जा, पण जा.