कैसराचे नाणे आणि काका बाप्टिस्टा

अध्यक्ष महाराज, फादर आणि मित्रहो,

पत्रिकेवर आजचा विषय 'ख्रिस्ती श्रद्धा आणि देशप्रेम' असा छापला आहे, आणि मी त्याच्याकडे येणारच आहे. परंतु त्याआधी आपल्याला माझगावच्या टेकडीवर जाऊन यावे लागेल. तिथे पाण्याच्या टाकीच्या माथ्यावर महापालिकेची बाग आहे आणि तिला जोसेफ बाप्टिस्टा यांचे नाव आहे. गेल्या पावसाळ्यात, कानटोपी घालून प्राणायाम आटोपत आलेल्या एका गृहस्थांना मी बाकावर बसल्या बसल्या विचारले, की हे बाप्टिस्टा कोण. 'असेल कुणी गोरा साहेब,' ते म्हणाले, 'आता बदलायला हवे हे नाव.' मी म्हटले, अवश्य बदला, फक्त आधी लोकमान्यांना विचारून घ्या. गृहस्थांनी दुसरी नाकपुडी धरली आणि संवाद संपला.

(आपण हसलात, म्हणजे आपल्याला काका ठाऊक आहेत. मागच्या रांगेतली तरुण मंडळी हसली नाहीत, म्हणून सांगतो.)

काका बाप्टिस्टा १८६४ साली याच माझगावात जन्मले. ते लोकमान्यांचे स्नेही आणि कायद्याचे सल्लागार होते, १९१६ साली बेळगावात स्वराज्य मागणारी होमरूल लीग स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि १९२५ साली मुंबईचे महापौर. अशा माणसाविषयी आपलेच वक्ते मोठ्या प्रेमाने 'ख्रिस्ती असूनही देशभक्त' असे म्हणतात, आणि त्या 'असूनही'चा मला फार जुना राग आहे. मात्र 'ख्रिस्ती असल्यामुळे' असे म्हणण्याचीही मला घाई नाही, कारण ते ज्या समाजातले, त्या आम्हा लोकांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, कंपनी सरकारच्या नावावरून 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वतःला लावून घेतले. घरात मराठी बोलणाऱ्या, लुगडे नेसणाऱ्या कोळी-आगरी शेजाऱ्यांच्या भाऊबंदांनी हे केले, ते गोव्या-मंगळुराहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती बांधवांपेक्षा आपण सरकारला जवळचे आहोत हे दिसावे म्हणून. तेव्हा काका तेवीस वर्षांचे होते. वेदी तीच, शुभवर्तमान तेच, आणि त्याच बाकांवरून एकीकडे राणीला मुजरा निघाला, तर दुसरीकडे एकोणतीस वर्षांनी स्वराज्याचा अध्यक्ष.

अध्यक्षांनी घड्याळ माझ्याकडे वळवून ठेवले आहे, तेव्हा मुख्य मुद्दा आता धावतच सांगतो.

'कैसराचे (म्हणजे रोमच्या सम्राटाचे) ते कैसराला आणि देवाचे ते देवाला भरून द्या' या येशूच्या वचनाचा पूर्वार्ध आम्हाला लहानपणापासून राजनिष्ठेचा धडा म्हणून ऐकवला गेला. येशूने मात्र आधी नाणे मागून घेतले आणि त्यावर मुद्रा कुणाची आहे, असे विचारले. नाण्यावर कैसराची मुद्रा आहे, म्हणून कर त्याचा. माणूस तर बायबलातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायानुसार देवाच्या प्रतिरूपाचा आहे, म्हणून माणूस कैसराचा नव्हे. कर चुकवू नये, पण सदसद्विवेक करात भरू नये, एवढे त्यातून निघते. आणि बाबेलला पाडाव करून नेलेल्या लोकांना संदेष्टा यिर्मया त्याच परक्या नगराचे हित साधायला सांगतो, तर आपल्या जन्मगावाचे किती साधावे लागेल?

घटना समितीचे उपाध्यक्ष एच. सी. मुखर्जी ख्रिस्ती होते आणि अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्षही तेच. १९४९ साली विधिमंडळांतल्या धर्माधारित राखीव जागा गेल्या, तेव्हा ते आणि फादर जेरोम डिसोझा त्या निर्णयाच्या बाजूने उभे राहिले. त्याच घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्मप्रसाराचा हक्कही आहे. या दोहोंचे नाते उलगडायला स्वतंत्र व्याख्यान लागेल, आणि घंटा तर वाजलीच. ज्यांना उद्या सकाळी सवड असेल, त्यांनी डॉकयार्ड रोड स्थानकावर साडेसहाला भेटावे. टेकडीचा चढ थोडा आहे, आणि बाकावरचे ते गृहस्थ बहुधा असतीलच.