पृथ्वी फिरायच्या आत

नमस्कार श्रोतेहो.

सिनेमाला वेळेवर पोहोचायचं, याबाबत माझे वडील फार कडक होते. त्यांचं वाक्य ठरलेलं असायचं, "पृथ्वी फिरायच्या आत खुर्चीत बसलेलं पाहिजे." पृथ्वी म्हणजे हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओची, त्यांच्या प्रत्येक सिनेमाआधी चिन्ह म्हणून दिसणारी. अंधारात दूरवरचे तारे, मग सावकाश पुढे येणारा तो गोल आणि त्याच्यावर उमटणारी अक्षरं. डोअरकीपरचा टॉर्च, चपलांचे आवाज, कुणाचं तरी "जरा सरका हो", हे सगळं त्या गोलासमोर हळूहळू शांत होत जायचं. 'जॉज' मी तसाच पाहिला, 'ई.टी.'सुद्धा. आपल्या आजी-आजोबांना प्रभातची तुतारी फुंकणारी स्त्री दिसली की जसं वाटत असेल, तसंच मला त्या गोलाकडे बघून वाटायचं. आता सुरू होणार!

पुढे त्या पृथ्वीची जुनी रूपं मी हौसेनं शोधून शोधून पाहिली. पाहता पाहता एक गोष्ट ध्यानात आली. माणसाला ज्या काळात पृथ्वी जशी दिसत होती, किंवा दिसावीशी वाटत होती, तशीच ती त्या त्या वेळी पडद्यावर आली आहे.

ही कंपनी उभी राहिली १९१२ मध्ये. तिचे संस्थापक कार्ल लेमली जर्मनीतून अमेरिकेत आलेले, कपड्यांच्या दुकानात नोकरी केलेले गृहस्थ. कंपनीचं नाव ठरवायला मंडळी बसली असताना त्यांना खिडकीतून एक गाडी जाताना दिसली, तिच्यावर 'युनिव्हर्सल पाइप फिटिंग्ज' असं लिहिलेलं होतं आणि तिथून हे नाव उचललं, अशी गोष्ट सांगतात. आणि नावातच अख्खं विश्व आल्यावर चिन्ह पृथ्वीशिवाय दुसरं काय असणार? सुरुवातीला त्या गोलाभोवती शनीसारखं कडं होतं.

मग आलं १९२७. त्याच वर्षी मे महिन्यात चार्ल्स लिंडबर्ग एकटा, कुठेही न थांबता, न्यूयॉर्कहून विमानानं पॅरिसला पोहोचला. सगळ्या जगाला विमानाचं वेड लागलं होतं. युनिव्हर्सलच्या गोलाभोवतीही त्याच साली एक छोटंसं विमान घिरट्या घालू लागलं. आज पाहिलं तर ते खेळण्यातलं विमान आहे हे लगेच कळतं. पण १९३१ च्या 'ड्रॅक्युला'आधी तेच विमान येतं. पृथ्वीला असा वळसा घालता येतो, हेच तेव्हा किती नवं होतं!

१९३६ मध्ये विमान गेलं आणि काचेसारखा लखलखणारा गोल आला. माझा सगळ्यात आवडता हाच. कृष्णधवल चित्रात तो किंचित कललेला, संथ फिरणारा, भोवती चमचमते तारे आणि कड्यासारखी फिरत जाणारी अक्षरं. हातानं बनवलेली वस्तू, तिच्यावर पाडलेला दिव्यांचा झोत आणि समोर कॅमेरा. मी एकदा तो मध्येच थांबवून पाहिला. ताऱ्यांच्या कडांवर प्रकाशाची बारीक रेघ दिसते, घरातल्या झुंबराच्या लोलकावर दिसते ना, अगदी तशी. संगीत जिमी मॅकह्यू यांचं.

वडील ज्या पृथ्वीसाठी आम्हाला घाई करायचे, ती १९६३ ची. तिच्याभोवती धूसर पट्टे होते. लहानपणी मला ते ढग वाटायचे. खरं तर ते 'व्हॅन ॲलन पट्टे'. १९५८ मध्ये एक्सप्लोरर-१ हा उपग्रह गेला, त्याच्यावरच्या जेम्स व्हॅन ॲलन यांच्या उपकरणामुळे कळलं, की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात विद्युतभारित कण अडकून राहतात आणि तिच्याभोवती त्यांची वलयं असतात. हे डोळ्यांना दिसत नाही. पण चित्रकारानं ते काढलं, आणि शोध लागून पाच वर्षं होतात न होतात तोच ते सिनेमाच्या पडद्यावर आलं.

श्रोतेहो, आणखी एक ऐका. १९६३ साली अख्खी पृथ्वी दुरून कुणीच पाहिलेली नव्हती. गागारिन १९६१ मध्ये वर जाऊन आला होता, पण पूर्ण गोल नजरेत मावेल इतक्या उंचीवर तोही गेला नव्हता. अपोलो-८ च्या अंतराळवीरांनी चंद्रापाशी उगवणारी पृथ्वी टिपली ती १९६८ मध्ये, आणि अपोलो-१७ चा तो प्रसिद्ध निळा गोल १९७२ चा. म्हणजे आम्ही थिएटरात पाहत होतो ती पृथ्वी कुणीतरी जमिनीवर बसून, मनानं वर जाऊन काढलेली होती. हे कळलं त्या दिवशी मला वडिलांना फोन करावासा वाटला. तोवर ते नव्हते.

ही पृथ्वी १९९० पर्यंत टिकली. त्या वर्षी स्टुडिओनं पंचाहत्तरी साजरी केली, आणि नवं रूप 'बॅक टू द फ्युचर'च्या तिसऱ्या भागाआधी जुन्या रूपांच्या झलकीसह दाखवलं. पंचाहत्तरीचा हिशेब १९१५ पासूनचा, म्हणजे 'युनिव्हर्सल सिटी' हा स्टुडिओचा परिसर सुरू झाला तेव्हापासूनचा. शंभरी मात्र २०१२ मध्ये झाली, कारण तेव्हा मोजणी कंपनीच्या जन्मापासून केली. १९९७ मध्ये जेरी गोल्डस्मिथ यांची धून आली, आपण आज गुणगुणतो ती. २०१२ मध्ये ब्रायन टायलर यांनी तीच नव्यानं बांधली.

२०१२ ची पृथ्वी संगणकावर घडलेली आहे. तिच्या काळोख्या भागात शहरांचे दिवे पेटलेले दिसतात. १९६३ च्या गोलावर खंड होते, समुद्र होते, माणसाची खूण नव्हती. इथे ती आहे.

या गोलाशी दिग्दर्शकही खेळले आहेत. 'वॉटरवर्ल्ड'मध्ये कॅमेरा थेट त्या गोलातच उतरतो, ध्रुवांवरचं बर्फ वितळतं, जमीन पाण्याखाली जाते आणि तिथूनच कथा सुरू होते. 'मिनियन्स'मध्ये ती भारदस्त धून ते पिवळे बुटके तोंडानं गातात. माझी भाची तेव्हा पाच वर्षांची होती. घरी आल्यावर स्वयंपाकघरात तिनं पातेल्यावर पळी आपटत ती धून सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणून दाखवली, एकही सूर न गाळता. सिनेमातलं बाकीचं तिला फारसं आठवत नव्हतं.

नमस्कार.